जुलैत बघा, मार्चमध्ये घ्या: बेळगाव भागात गावाकडचं परवडणारं घर

शहरात भाडं झेपत नाही आणि प्लॉटचे दर तर ऐकवत नाहीत, म्हणून बेळगावच्या आसपासच्या खेड्यांकडे नजर लावून बसलेली बरीच माणसं आहेत. कुणी उद्यमबाग-मच्छे भागातल्या कारखान्यांत कामाला आहे, कुणी पुण्या-मुंबईची नोकरी संपवून परत येतंय, कुणी स्वतः गोव्यात राहून बायकामुलांसाठी इकडे घर शोधतंय. या सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘गुंठ्याला काय भाव चाललाय?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. गावाकडचं घर स्वस्त पडतं की महाग, हे दरमहा पेट्रोलवर किती जातं, मे महिन्यात पाणी कुठून येतं, जुलैत रस्ता चालू राहतो का आणि कागद कुणाच्या नावावर आहेत, यावर ठरतं. ते एकेक करून इथे सांगतो.

आधी आपला आठवडा कागदावर मांडा

कामावर कोण जातं, कुठे, किती वाजता? मुलांची शाळा कुठली? घरात कुणाला दर महिन्याला सिव्हिल हॉस्पिटल किंवा केएलईला न्यावं लागतं का? हे लिहून झाल्याशिवाय एकही गाव बघायला जाऊ नका.

हिशेब साधा आहे. काम १८ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३६, आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ९०० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्यासाठी २० लिटर पेट्रोल लागतं. नवरा-बायको दोघं वेगवेगळ्या दिशेला कामाला जात असतील तर हाच आकडा दुप्पट होतो. शहरातल्या आणि गावातल्या भाड्यातला फरक या पेट्रोलसमोर ठेवून बघा. पुष्कळदा ३० किलोमीटरवरच्या ‘स्वस्त’ घरापेक्षा १० किलोमीटरवरचं थोडं महाग घर परवडतं.

बस असेल तर चित्र बदलतं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. ओळखपत्रावर मात्र कर्नाटकचा पत्ता हवा. म्हणजे घरातल्या मुली कॉलेजला आणि बाई कामाला बसने जाणार असतील, तर बसची सोय असलेलं गाव खरोखर स्वस्त पडतं. गावात चौकशी करताना ‘बस आहे का’ एवढंच विचारू नका. सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची बस कधी, वस्तीची बस येते का, आणि पावसात ती गावात शिरते की फाट्यावरूनच परत फिरते, हे विचारा. वस्तीची बस असलेल्या गावाला सकाळची पहिली बस हमखास मिळते, कारण ती रात्रभर तिथेच उभी असते.

खानापूरच्या बाजूला रेल्वेचाही विचार करा. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही स्टेशनं बेळगाव-लोंढा मार्गावर आहेत. पॅसेंजरची वेळ कामाच्या वेळेशी जुळत असेल तर त्या भागातलं घर जमेचं. कारवाले असाल तर खानापूर रस्त्यावर गणेबैलचा टोल आहे, निपाणीच्या दिशेला हत्तरगीचा आणि धारवाडच्या दिशेला हिरेबागेवाडीचा. रोजच्या येण्याजाण्यात टोल येत असेल तर स्थानिक पासची चौकशी करून तो खर्च महिन्याच्या हिशेबात धरा. दुचाकीला टोल नाही.

कुठला पट्टा आपल्याला मानवेल

शहराच्या पश्चिमेला हिंडलगा, सुळगा, उचगाव, बेकिनकेरे, बेळगुंदी, बिजगर्णी हा तांबड्या मातीचा पट्टा. भात, रताळी, बटाटा, काजू. गावं मराठी, शाळा मराठी आणि हवा चांगली. हिंडलगा, गणेशपूर आता शहरच झालंय, तिथे खेड्याचा दर मिळायचा नाही. जरा पुढे सरका. तुरमुरीला शहराचा कचरा प्रकल्प आहे, म्हणून त्या बाजूचं घर वाऱ्याची दिशा बदलेल अशा वेगवेगळ्या दिवशी जाऊन बघा.

दक्षिणेला येळ्ळूर, धामणे, देसूर, मच्छे, पिरनवाडी. उद्यमबाग जवळ असल्याने कामगारांना हा भाग सोयीचा आणि म्हणूनच भाड्याला मागणी. व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठामुळे मच्छेत विद्यार्थी राहतात, त्यामुळे कुटुंबाला घर मिळायला वेळ लागतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांत बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात भातात उभं राहतं. त्या बाजूला स्वस्तात प्लॉट सांगत असतील तर आधी नाला किती लांब आहे ते बघा. शिवाय हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोड यांच्या भूसंपादनात अनेक गावांचे सर्व्हे नंबर आहेत. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या ३ए आणि ३डी अधिसूचनांत आपला नंबर आहे का, हे संपादन अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारल्याशिवाय या भागात पैसे अडकवू नका.

खानापूर तालुका मनाला सगळ्यात जास्त ओढतो. झाडी आहे, मलप्रभा आहे, चिऱ्याची कौलारू घरं आहेत. पण हा तालुका एकसारखा नाही. खानापूर गाव आणि हमरस्त्यालगतची गावं राहायला सोपी. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे पाऊस इतका असतो की तिथलं घर बांधायची आणि राखायची पद्धतच वेगळी. अथणीला वर्षाचा पाऊस साधारण ५००-६०० मिलिमीटर, कणकुंबीला त्याच्या कितीतरी पट. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं. त्याच्या आत आणि कडेला असलेल्या वाड्यांत बांधकामावर बंधनं आहेत आणि आतल्या वाड्यांच्या पुनर्वसनाचा विषय चालू आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय, सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये आला. त्यात गावाचं नाव आहे का ते बघून घ्या. गवे, अस्वलं, अधूनमधून हत्ती ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. आमगावसारख्या जंगलातल्या गावातून पावसात आजारी माणसाला खांद्यावर वाहून आणावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर इतक्या आत जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

उत्तरेला निपाणी-चिकोडीचा पट्टा. काळी जमीन, ऊस, तंबाखू, बाजारपेठ मोठी आणि कोल्हापूरही जवळ. इथे नदी हाच पहिला प्रश्न. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं होतं. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, भोज-कारदगा, कल्लोळ-यडूर हे कमी उंचीचे पूल पाऊस वाढला की पाण्याखाली जातात आणि चार किलोमीटरवरचं गाव वळसा घालून गाठावं लागतं. या भागात घर बघताना २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला सांगा. लोक भिंतीवरची खूण दाखवतात. काळ्या मातीत पाया वरवर घेतलेला असेल तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि भिंतीला तडे जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा दिसला की पाया किती खोल आहे ते विचारा.

काहीजण विचारतात, मग चंदगडात का नको? शिनोळी, तुडये, देवरवाडी बेळगावला लागूनच आहेत. राहायला काहीच हरकत नाही, फक्त राज्य बदलतं हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यातली ७९ए आणि ७९बी ही कलमं गेली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही घेता येते. तिकडे सातबारा मराठीत, इकडे पाहणी (म्हणजे शेतजमिनीचा उतारा) कानडीत. महिलांना एसटीत निम्मं तिकीट, शक्ती योजना नाही. आणि एमएच ०९ ची गाडी घेऊन तुम्ही इकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, तर ती केए क्रमांकावर नोंदवून इथला रोड टॅक्स भरावा लागतो.

घर जुलैत बघा

दलाल घर दाखवतात ते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा बेळगावचं कुठलंही खेडं सुंदर दिसतं. तुम्ही जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, झड लागलेली असताना जा.

घरात शिरल्यावर आधी पश्चिमेकडची, म्हणजे पावसाच्या तोंडाची भिंत बघा. तळहात टेकवून खालून वर न्या. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत गार आणि ओलसर लागते का? गिलावा नखाने खरवडून बघा. पिठासारखा भुसभुशीत गळला तर ओल कित्येक पावसाळ्यांची आहे आणि वरून रंग मारून ती जायची नाही. मग मान वर करून वाशांकडे बघा. काळे ओघळ दिसले तर त्या जागी कौल फुटलेलं किंवा सरकलेलं आहे. चार-दोन कौलं बदलणं फार खर्चाचं काम नाही, पण ओघळाखालचा वासा बोटाने दाबला आणि मऊ लागला तर छप्पर उतरवावं लागेल. मातीच्या भिंतीचं जुनं घर असेल तर जास्तच जपा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात अशी हजारो घरं पडली.

शेवटी स्वयंपाकघरात मिठाची बरणी बघा आणि घरातल्या बाईला विचारा, ‘वहिनी, पावसात कपडे कुठं वाळवता?’ घराबद्दलची खरी माहिती या उत्तरात मिळते.

घरातून बाहेर पडल्यावर मोबाईलला रेंज किती येते ते प्रत्येक खोलीत आणि अंगणात बघा. मुलांचा अभ्यास किंवा घरून काम असेल तर गावात फायबर आलंय का ते शेजाऱ्याला विचारा. मुख्य रस्त्यापासून दारापर्यंतचा तुकडा पायी चाला. त्या दोनशे पावलांवर चिखल असेल तर रिक्षा आणि १०८ ची गाडी दोन्ही फाट्यावरच थांबतात.

पाणी आणि वीज

जास्त पावसाच्या गावात पाणी भरपूर, असं समजू नका. तांबड्या उताराच्या जमिनीवरून पाणी धावत नदीला जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला लागतात. म्हणून जुलैत घर बघून आवडलं तरी मे महिन्याची माहिती घ्यायचीच. सार्वजनिक विहिरीवर किंवा नळावर कुणी वयस्कर बाई भेटली तर तिच्याकडूनच ती घ्या: ‘मावशी, मे महिन्यात ह्या विहिरीला किती हात पाणी राहतंय? टँकर कधी आला होता काय?’ जलजीवन मिशनचा नळ दारात असला तरी पाणी आठवड्यात किती दिवस आणि किती वाजता येतं ते विचारा, कारण त्यावर टाकी केवढी लागेल ते ठरतं. घराची स्वतःची बोअर असेल तर ती चालू करून घड्याळ लावून अर्धा तास वाहू द्या. पाच मिनिटांत धार बारीक झाली तर ती बोअर धरू नका.

विजेचं एक मोठं कोडं मळ्यातल्या घरांचं आहे. गावठाणातल्या घरांना हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, गावाची लाइन असते, शिवारातलं घर पुष्कळदा शेतीपंपांच्या लाइनवर असतं. त्या लाइनला दिवसात ठरलेल्या तासांपुरतीच थ्री-फेज वीज मिळते आणि ती वेळही आठवड्याला बदलते. फ्रिज, वॉशिंग मशीन, ऑनलाइन काम यातलं काहीच मग भरवशाचं राहत नाही. म्हणून मळ्यातलं घर घेताना मीटर कुठल्या लाइनवर आहे ते हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसमध्ये आरआर नंबर (वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक) देऊन विचारा. स्वतंत्र मीटर असेल तर गृहज्योती योजना भाडेकरूलाही मिळते. आधीच्या सरासरी वापरावर साधारण १० टक्के वाढ धरून, २०० युनिटांच्या मर्यादेत बिल माफ होतं. एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असतील तर हा फायदा कुणाला, यावरून पुढे वाद होतात. ते आधीच बोलून घ्या.

पहिलं वर्ष भाड्याने राहा

विकत घ्यायचं ठरलेलं असलं तरी त्याच गावात एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढा. खेड्यातली भाड्याची घरं जाहिरातीत मिळत नाहीत. किराणा दुकान, दूध डेअरी, पिठाची गिरणी, देवळाचा कट्टा इथे शब्द टाकून ठेवायचा. मालक मुंबईला किंवा गोव्याला आणि घर कुलूप लावून बंद, अशी घरं खानापूर आणि पश्चिम भागात गावोगाव आहेत. मालकाला घर नांदतं राहावं असं वाटत असतं. कौलं शाकारणं, संडास-बाथरूम नीट करणं हा खर्च तुम्ही करायचा आणि तो भाड्यातून वळता करून घ्यायचा, असा व्यवहार दोघांनाही परवडतो. मात्र किती खर्च, किती महिन्यांत वळता, हे ११ महिन्यांच्या करारात लिहून घ्या. आपल्याकडे ‘लीज’ही चालते, म्हणजे एकरकमी मोठं डिपॉझिट देऊन बिनभाड्याने राहायचं. लीज देण्याआधी त्या घरावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही ना, ते बघा. बोजा असेल तर तुमचं डिपॉझिट अडकण्याची भीती असते.

या वर्षात गावाशीही ओळख होते. गावाची यात्रा, त्यासाठीची वर्गणी, आणि बऱ्याच गावांत वार पाळणूक. त्या दिवशी शेतीचं, बांधकामाचं काम बंद म्हणजे बंद. गवंडी लावायच्या आधी हे वार माहीत असावेत. मराठी शाळा कितवीपर्यंत आहे आणि पुढचं हायस्कूल किती लांब, हेही बघून ठेवा. शाळेत कानडी हा विषय असतोच, त्यामुळे पुण्या-मुंबईकडून मधल्या इयत्तेत येणाऱ्या मुलाला पहिलं वर्ष जड जातं. त्याची तयारी आधीपासून करा.

कागद: इथे घाई करू नका

तुमच्यापुढे तीनपैकी एक प्रकारची मिळकत येईल, आणि तिघांचे कागद वेगवेगळे असतात.

पहिली, गावठाणातलं घर. पंचायतीच्या ई-स्वत्तू प्रणालीतून निघालेले फॉर्म ९ आणि फॉर्म ११ए (मिळकतीचे पंचायतीतले उतारे) मागा. त्यावरचं नाव, चारी बाजूंच्या हद्दी आणि क्षेत्र जागेवर जुळतं का ते टेप लावून बघा. जुन्या घरात खरी अडचण वारसांची असते. आजोबांच्या नावावरचं घर एक भाऊ विकतो आणि वर्षाने चंदगडात दिलेली बहीण हक्क सांगते. २००५ च्या कायद्यानंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कचेरीतून) वंशावळ काढायला सांगा आणि तिच्यातल्या प्रत्येकाची सही खरेदीखतावर घ्या.

दुसरी, एनए झालेला प्लॉट. एनए म्हणजे जमिनीचा वापर बदलला, एवढंच. लेआउट मंजूर झाला असा त्याचा अर्थ होत नाही. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत बुडाची आणि बाहेर नगररचना खात्याची मंजुरी वेगळी लागते. जिल्हाधिकाऱ्यांचा एनए आदेश, मंजूर नकाशा आणि तुमच्या प्लॉटचा फॉर्म ९, तिन्ही हातात आल्यावरच पुढचं बोला.

तिसरी, शेतजमीन. ‘दोन गुंठे घ्या, बाँडवर करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. बाँडवर किंवा नोटरीपुढे केलेल्या कागदाने मालकी येत नाही, खरेदीखत नोंदवावंच लागतं. सर्व्हे नंबरातला तुकडा विकायला ११ई नकाशा लागतो. तो नसेल तर मोजणी झालेली नाही असं समजा. पाहणीचा उतारा कानडीत असतो, तेव्हा कानडी चांगलं वाचणारा आणि व्यवहारात हिस्सा नसलेला माणूस सोबत घ्या. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, १० मध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली ते, आणि ११ मध्ये कर्ज, बोजा, कोर्टाच्या नोंदी. ११ वा रकाना दलाल भराभर उलटतात, तुम्ही तो शब्द न शब्द वाचून घ्या. सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय तिची विक्री टिकत नाही. कितीही वर्षांनी ती परत जाऊ शकते. देवस्थान इनाम आणि गायरान यांच्याही वाटेला जाऊ नका.

जागेवर उभं राहून मोबाईलवर सरकारचं दिशांक ॲप उघडा. तुम्ही कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहात ते कळतं आणि नकाशात वाट, ओढा दाखवलाय का तेही दिसतं. दाखवलेली जमीन एक आणि कागदावरची दुसरी, हा प्रकार इथेच उघडा पडतो. वाट नकाशात नसेल आणि शेजाऱ्याच्या बांधावरून जावं लागत असेल, तर वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून येईपर्यंत थांबा.

संचकार (इसार) देण्याआधी ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला काढा, निदान ३० वर्षांचा. अलीकडच्या नोंदी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतात, जुन्यांसाठी सबरजिस्ट्रार कचेरीत अर्ज करावा लागतो. संचकाराची रक्कम बँकेतून द्या आणि कागद निर्वेध न निघाल्यास किती दिवसांत परत मिळणार, ते करारात घाला.

खर्च धरताना किमतीवर थांबू नका. स्टँप ड्युटी ५ टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ ऐवजी २ टक्के. खेड्यात सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या थोडं वर जातं. वकील, मोजणी, कुंपण आणि पहिल्या पावसाळ्याआधीची दुरुस्ती वेगळी.

खरेदी मार्चमध्ये केली की एप्रिल-मेचे दोन कोरडे महिने छप्पर, गटार आणि पश्चिमेच्या भिंतीला मिळतात. नोंदणी झाल्यावर खातं (सरकारी दप्तरातलं मालकाचं नाव) आपोआप बदललं असेल असं धरून बसू नका. शेतजमीन असेल तर नवीन उतारा काढून रकाना ९ मध्ये तुमचं नाव आलंय का बघा, घर असेल तर पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) नवीन फॉर्म ९ घ्या आणि त्याच फेरीत घरपट्टी, पाणीपट्टी आणि हेस्कॉमचं मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या.